काळ्या-पांढऱ्या माशा

"बाईनू, ही माशी कसली ता सांगशात?"

प्रयोगशाळेच्या दारात एक बाई उभी होती. प्रॅक्टिकल नुकतंच संपलं होतं आणि मी ट्रे धुऊन उपडे घालत होते. बाईचे केस विस्कटलेले नव्हते, लुगडं स्वच्छ होतं, पण कपाळ मोकळं होतं आणि चेहरा असा की बरेच दिवस कुणी आतून दिवाच लावला नसावा. तिने खोकल्याच्या औषधाची एक रिकामी बाटली माझ्यासमोर धरली. तळाशी मेलेली एक माशी होती.

मी तेव्हा कराडहून त्या किनाऱ्यावरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला नवीनच आले होते. बेडूक आणि झुरळ यांच्यापलीकडे माझं ज्ञान फारसं नव्हतं, पण गावात माझी ख्याती झाली होती. कुणी साप मारला की दाखवायला आणत, कुणी विचित्र मासा आणत. मी तिला बसायला सांगितलं. ती स्टुलावर बसली नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

माशी कागदावर काढली आणि भिंगाखाली धरली. काळं कुळकुळीत अंग, पोटावर पांढरे नागमोडी पट्टे, डोळे मोठे आणि हिरवट. पुढच्या पायांवर फणीसारखे केस. पोट चेंगरलेलं होतं.

"कुठे सापडली?"

"आमच्या दारात. वाळयेत. थय खूप आसत. माणूस मरता काय हिच्यान?"

मी वर पाहिलं.

"आमच्या प्राचीचो बापूस गेलो," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात. कायतरी चावला म्हणाले, आणि बसल्याजागी पडले. तोंड सुजला, श्वास घेवक मिळाक नाय. तरीतून खाडी पार करून दवाखान्यात हाडीसर संपला सगळा."

तिचं नाव मालन तांडेल. खाडीपलीकडच्या तांबळवाडीची. नवरा भालचंद्र मासेमारी करायचा, स्वतःची लहान होडी होती. ती हे सगळं सावकाश, एकेक शब्द ठेवत सांगत होती, जणू दुसऱ्या कुणाची हकिगत आहे. मी कपाटातून कीटकांचं जाडजूड पुस्तक काढलं आणि पानं उलटत राहिले. ती घाई न करता वाट बघत होती.

चित्र सापडलं. वाळूत बीळ करून राहणारी, एकेकटी राहणारी गांधीलमाशीची एक जात. पोळं नाही, झुंड नाही. प्रत्येक आई आपलं बीळ वेगळं खणते, त्यात एक अळी वाढवते आणि ती मोठी होईपर्यंत तिला रोज घरमाशा मारून आणून घालते. माणसाला सहसा डसत नाही.

"या माशीने झालं असेल असं मला वाटत नाही," मी म्हटलं. "मुठीत दाबून धरली तर डसेल. एरवी नाही."

मला वाटलं, तिला बरं वाटेल. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"मगे ह्या तुमी येवन सांगा."

"कुणाला?"

"माझ्या चेडवाक."

मग तिने मुलीचं सांगितलं. प्राची दहा वर्षांची. पावसाळा सरला आणि वाळू सुकली, तशा या माशा दारापुढच्या पुळणीत दिसू लागल्या. पोरगी शाळेतून आली की दप्तर टाकून त्यांच्यापाशी जाऊन बसायची. तिने त्यांना नाव ठेवलं होतं, पट्टेवाल्यो. कुठली कुठल्या बिळात जाते तेसुद्धा तिला कळायचं. त्या दिवशी भालचंद्र तिच्याशेजारी वाळूत पालथा पडून त्याच बघत होता. तिनेच त्याला हाक मारून बोलावलं होतं. तिथेच तो कोसळला.

"सगळे म्हणाले, ह्याच माशये चावले. शेजारी म्हणाले, पोरांका कित्या थय खेळूक सोडतास. तेच्या देखत म्हणाले." मालन बाटलीचं बूच लावत होती, काढत होती. "तवसून ता बोलणा नाय, धड जेवणा नाय. बापाशीच्या वल्याचो तुकडो घेता आणि दिवसभर वाळू बडवता. ही माशी तेनाच मारलली. मी काय सांगलय तर तेका पटणा नाय. आवस समजूत काढता असा वाटता तेका. तुमी शिकलल्यो. तुमचा ऐकतला."

शनिवारी येते, असं मी सांगितलं. 

शनिवारी खाडी ओलांडून तरीतून उतरले तेव्हा मालन धक्क्यावर उभी होती. घर पुळणीला लागूनच. मागे सुरूची झाडं, पुढे उतरती वाळू, आणि घराच्या डाव्या हाताला माडाच्या झापांच्या छपराखाली उपडी घातलेली होडी. होडीपासून थोड्या अंतरावर एक मुलगी उभी होती. शाळेचाच फ्रॉक अंगात होता, हातात वल्ह्याच्या लाकडाचा जाड तुकडा. तिच्यापुढची वाळू धोपटून धोपटून अंगणासारखी घट्ट झाली होती.

मी चपला काढल्या आणि वाळूत बसले.

थोड्या वेळाने एक माशी आली. बारीक गुणगुण करत वाळूवर उतरली आणि पुढच्या पायांनी भराभरा उकरू लागली. कुत्रं उकरतं तशी, पोटाखालून मागे वाळूची धार उडवत. धोपटलेल्या जागेतच तिचं बीळ होतं. ते पार बुजलं होतं, तरी ती तिथेच उकरत होती. प्राचीने लाकूड उचललं.

"थांब जरा," मी म्हटलं. "मारायची तर मग मार. आधी मला बघू दे."

लाकूड वरच राहिलं. तेवढ्यात दुसरी माशी माझ्या हाताभोवती घिरट्या घालू लागली. मी हात हलवला नाही.

"हात काडा." पोरीचा आवाज घोगरा झाला होता, बरेच दिवस न वापरलेला. "मरशात."

"नाही मरणार. ती माझ्यासाठी आलेली नाही." माझ्या मनगटावर एक घरमाशी बसली होती. पट्टेवालीने झडप घातली, तिला उचललं आणि निघून गेली. "बघितलंस? आपल्या अंगावर घरमाशा बसतात. ती त्या पकडायला आपल्याभोवती फिरते. लोकांना वाटतं चावायला आली."

प्राचीने लाकूड खाली केलं, पण सोडलं नाही.

"आत तिचं बाळ असतं," मी सांगितलं. "त्याला भरवायला नेते."

"म्हायत आसा माका," ती म्हणाली. आणि मग खाली बघत, "मीच बाबांका सांगलय. बाबा येवा, माझ्यो पट्टेवाल्यो बघूक येवा. ते नको म्हणत नाय कधी."

मालन मागे येऊन उभी राहिली होती. मी वळून पाहिलं नाही.

"प्राची, मला त्या दिवशीचं सांगशील? तू हाक मारलीस तेव्हा बाबा कुठे होते?"

"थय. होडयेच्या पाटल्यान."

"तिकडून आले आणि काय केलं?"

"हय पडले. माझ्या बाजूक. असे." तिने हाताने दाखवलं. "म्हणाले, खयची गो तुझी? मी ही दाखवलंय. मगे म्हणाले, ही तर काळी-पांढरी, पोलिसासारकी शिस्तीत चलता. मगे…"

तिने पायाने वाळू सारखी केली.

"मगे म्हणाले, प्राचये, माका कसातरी होता. तांबडे झाले. हयसर हात लावीत होते." तिने स्वतःच्या मानेवर, कानाखाली हात ठेवला.

"मानेला हात कधी लावला? इथे पडल्यावर, की त्याच्या आधी?"

तिला कुणी हे विचारलंच नव्हतं. सगळ्यांनी सांगितलं होतं, विचारलं कुणीच नव्हतं.

"येतानाच," ती म्हणाली. "होडयेकडसून येताना हात हयसरच होतो. चोळीत इले. मी म्हटलंय, काय झाला बाबा? म्हणाले, काय नाय गो, दाखय तुझी माशी."

मी उठले आणि होडीकडे गेले. माझ्यामागे दोघी आल्या. छपराच्या मागच्या बाजूला, झापांच्या आडव्या वाशाला, करड्या कागदासारखं एक पोळं लोंबत होतं, सुपाएवढं. त्याची एक कड तुटलेली होती. आतबाहेर करणाऱ्या माशा तांबूस, लांबट, पोटावर पिवळा पट्टा असलेल्या. कोकणात पोरसोर ओळखतं अशा गांधीलमाशा. खाली वाळूत एक काठी पडली होती आणि तिच्याजवळ पोळ्याचा तुटका, वाळलेला तुकडा.

बघताक्षणी मला सगळं समजलं, असं मला वाटलं. मी मागे सरले, दोघींनाही मागे घेतलं.

"प्राची, तुझ्या पट्टेवाल्यांनी काही केलेलं नाही," मी म्हटलं. "बाबांना ही गांधीलमाशी डसली. तुझ्याकडे यायच्या आधीच. तू हाक मारलीस म्हणून काही झालं नाही. तू हाक मारली नसतीस तरी ते झालंच असतं."

"तेतुरल्या एकाच माशयेन?"

"काही माणसांच्या अंगाला ते विष सोसत नाही. एकदा डसली की पुढच्या वेळी जास्त चढतं."

"गेल्या वर्साक पण चावलली तेंका," ती हळू म्हणाली. "हात सुजललो."

ती काठीकडे बघत होती. मग तिने विचारलं, आणि ते ती विचारणार हे मला आधी कळायला हवं होतं.

"मगे बाबा हय कित्याक इले? काठी घेवन?"

मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही असंच मी म्हणणार होते. पण त्याआधी मालन बोलली. आवाज अगदी साधा, पाणी भरून ठेव म्हणावं तसा.

"मियाच धाडलंय तेंका. ते म्हणत होते, सांजेक धूर करून काढूया. मी म्हटलंय, आताच्या आता काढा, चेडू हयसर खेळता, तेका चावतीत. तीन दिस मागे लागललय. शेवटी वैतागले नि काठी घेवन गेले."

प्राची आईकडे बघत राहिली. हातातलं लाकूड गळून पडलं. तिचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ती रडायला लागली. बाप गेल्यापासून पहिल्यांदाच, हे मला मागाहून कळलं. मालन पुढे होऊन तिच्या पाठीवर हात ठेवायला गेली. पोर बाजूला सरकली. तो हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला, मग मालनने त्याच हाताने पदर नीट केला.

"गेल्या वर्साक हात सुजललो ता तुका म्हायत होता," प्राची म्हणाली.

"होता."

"तरी धाडलंस."

"धाडलंय."

पोर पळत घरात गेली. 

मालन मला धक्क्यापर्यंत सोडायला आली. तरीची होडी पलीकडच्या काठाला होती, यायला वेळ होता. आम्ही धक्क्याच्या दगडावर बसलो. मला फार अपराधी वाटत होतं. मी म्हटलं, "मी यायला नको होतं. मला हे ठाऊक असतं तर मी एवढंच म्हटलं असतं की पट्टेवाल्यांनी नाही केलं. पुढचं सांगितलंच नसतं."

"तुमी येवचा म्हणान तर मी इलंय कालेजात."

मी तिच्याकडे पाहिलं.

"माका पयल्याच दिसापासून म्हायत होता," मालन म्हणाली. "ते काठी घेवन गेले ता मी चुलीकडसून बघितलंय. ती काठी मी हलवक नाय. ता पोळा कोणाक काढूक दिलंय नाय. तुमका दिसाक होया म्हणान."

"मग तूच तिला सांगायचं होतंस."

"पट्टेवाल्यांनी नाय केला म्हणान सांगलंय. दोनदा. म्हणाला, आई, तू माका बरा वाटाचा म्हणान सांगतंस." ती पलीकडच्या काठाकडे बघत होती. "बाईनू, ता वाळू बडवताना बघितल्यात तुमी. तेका तेचोच राग इल्लो. दहा वर्साचा चेडू, स्वतःर राग धरून किती दिस जगतला? माझ्यार धरूंदे. माझ्यार धरल्यान तर मोठा तरी होतला."

"पण ती तुझ्यापासून तुटेल."

"तुटूंदे."

होडी अर्ध्यावर आली होती. नावाड्याने लांबून हात केला. मालन उठली.

"ह्या तेका कधी सांगू नकात. मी तुमका हाडलंय ता. तुमीच शोधल्यात असाच रवांदे. नायतर तेका माझी दया येतली, आणि परत तो राग तेच्यारच जातलो."

मी कबूल केलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मला होडीत चढताना तिने हात दिला, आणि मी विसरलेली पिशवी मागून उचलून दिली.

तिचं खरं ठरलं. प्राची जेवायला लागली, शाळेत जायला लागली, वर्गात वरचा नंबर आणू लागली. आईशी मात्र कामापुरतं बोलायची. सातवीनंतर ती रत्नागिरीला आत्याकडे शिकायला गेली आणि तिथेच रमली. मी त्या कॉलेजात आणखी काही वर्षं होते. मालन बाजारात मासे घेऊन बसायची. मी गेले की सुरमईचा मधला तुकडा बाजूला काढून ठेवलेला असायचा. प्राची कशी आहे, विचारलं की म्हणायची, "बरी आसा." एकदा मी म्हटलं, आता ती मोठी झाली, आता सांगूया का? ती मासा साफ करत होती. तिने मान वर केली नाही. नुसती हलवली.

मग माझं लग्न झालं, मी कोल्हापूरला आले आणि तांबळवाडी मागे पडली.

गेल्या साली यजमानांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी सलाईन बदलायला एक सिस्टर आली. नीटनेटकी, कमी बोलणारी. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, प्राची तांडेल. मी काही म्हणायच्या आधी तीच म्हणाली, "तुम्ही देशमाने मॅडम ना? कालच ओळखलं मी. नाव बदललंय, म्हणून खात्री नव्हती."

यजमानांना झोप लागल्यावर ती खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली. इकडचं तिकडचं बोलली. मी विचारलं, "आई?"

"दोन वर्षं झाली. तापाचं निमित्त झालं. काकांचा फोन आला, तेव्हा मी ड्यूटीवर होते. ड्यूटी पुरी करून निघाले." ती आपल्या बोटांकडे बघत होती. "सुट्टी मागितली असती तर मिळाली असती. लगेच निघाले असते तर भेट झाली असती."

वॉर्डात कुणाची तरी बेल वाजली. दुसरी सिस्टर गेली.

"एक विचारू, मॅडम? नर्सिंगला असताना आम्हाला ते शिकवलं. डंख, ॲलर्जी, पहिल्यांदा सुजतं आणि दुसऱ्यांदा जीव जातो, ते सगळं. तेव्हा बाबांचं बरोबर जुळलं. तुम्ही सांगितलंत ते खरं होतं. पण एक जुळत नाही. बाबा जाऊन महिना झाला होता. ते पोळं तिथेच होतं, ती काठी तिथेच होती. आमची आई अंगणात काडी पडलेली ठेवत नसे." तिने माझ्याकडे पाहिलं. "ती तुम्हाला बोलवायला आली, तेव्हा तिला ठाऊक होतं ना?"

मी शब्द दिला होता. इतकी वर्षं पाळलाही होता. पण ज्या बाईला दिला होता ती आता नव्हती, आणि समोर बसलेली मुलगी तिसेक वर्षांची, स्वतःच्या पायांवर उभी होती. मी तिला सगळं सांगितलं. धक्क्यावरच्या दगडावर मालन जे बोलली ते, तिच्याच शब्दांत.

संपल्यावर प्राची म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही शोधून काढलंत आणि ती पकडली गेली. पकडली गेली म्हणून कबूल झाली. एवढी वर्षं मी त्याचाच राग धरला. सांगितलं नाही आधी, लपवलं, असं."

"तिला तेच हवं होतं."

"हो." ती उठली. सलाईनचे थेंब मोजून नळीची चकती किंचित फिरवली, यजमानांच्या अंगावरची चादर सारखी केली. दारापर्यंत गेली आणि परत आली.

"धक्क्यावर ती रडली होती का?"

"नाही."

"त्या दिवशी घरी आली तेव्हाही नाही. मी दाराआड बघत होते. बाबा गेले तेव्हा मला धरून बसली होती, तेव्हाही नाही. मी आत्याकडे निघाले तेव्हा एसटीपाशी होती, तेव्हाही नाही."

तिच्या कपाळावर टोपीची पिन नीट बसली नव्हती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

"मग ती कधी रडली असेल, मॅडम?"